मांडवी-झुवारीत नांगर टाकण्याआधी: शिशाचा दोर, हातातला साउंडर आणि फोनवरचा चार्ट

दोन मीटरहून जास्त ड्राफ्टच्या (म्हणजे पाण्याखाली तेवढ्या खोल जाणाऱ्या) शिडाच्या बोटीला गोव्यात नांगराची जागा शोधायची, तर खोली सांगणारी तीन साधनं हाताशी येतात. फोनवरचा चार्ट, आवाजाच्या लहरीने खोली मोजणारा आणि टॉर्चसारखा हातात धरायचा साउंडर आणि टोकाला शिसं बांधलेला दोर. तिन्ही घ्यावीत. पण एकच परवडत असेल तर दोर घ्या. तो सर्वांत स्वस्त आहे, आणि खोलीबरोबर तळ कसला आहे हेही तोच सांगतो.

आधी फोनवरचा चार्ट. त्याचं खरं काम जागा निवडणं नाही, जागा बाद करणं आहे. मुरगाव बंदराचा खोदलेला मार्ग, बार्जची वाट, काबोच्या भूशिराखालचे खडक, ग्रांदे बेटाजवळची बुडालेली जहाजं हे सगळं त्यावर दिसतं, आणि तिथे नांगर टाकायचा नाही हे लगेच ठरवता येतं. सुरक्षित खोलीची सेटिंग ड्राफ्ट अधिक एक मीटर अशी ठेवा, म्हणजे २.२ च्या बोटीला ३.२. आकडे मात्र पूर्ण झूम करूनच वाचा, कारण लांबून पाहताना मधले उथळ आकडे गाळलेले असतात. देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचा चार्ट मिळत असेल तर सर्वेक्षणाचं साल तिथे आधी पाहा. इतर बोटींच्या साउंडरवरून गोळा केलेली खोली दाखवणाऱ्या ॲपमध्ये त्या आकड्यांतून भरती नीट वजा झाली आहे का, हे तुम्हाला तपासता येत नाही. नदीच्या मुखाशी तरी त्या आकड्यांवर बोट सोपवू नये.

मांडवीच्या मुखाशी तर चार्ट मुळातच अपुरा पडतो. आग्वादच्या समोरचा वाळूचा दांडा दर पावसाळ्यात वाढतो, सरकतो. म्हणूनच पावसाळ्यात हे मुख वाहतुकीला बंद असतं आणि बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुवारीकडे वळतात. जुलै २०१७ मध्ये ‘लकी सेव्हन’ हे कसिनोचं जहाज मांडवीत शिरताना मिरामारला वाळूत बसलं. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याला लागलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ वाळूत रुतून राहिलं. गेल्या पावसाळ्याआधीचा कुठलाही आकडा या दांड्यावर ग्राह्य धरू नका, मग तो कितीही मोठ्या नावाच्या ॲपचा असो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्यांदा आत शिरायचं असेल तर भरती लागून दोन तास झाल्यावर, दिवसाउजेडी, समुद्र शांत असताना शिरा. चढत्या पाण्यात कील (बोटीच्या तळाचा खोल पंखा) लागली तर तेच पाणी तासाभरात उचलून देतं. उतरत्या पाण्यात लागली तर बोट आडवी होते, आणि उधाणाचे (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे) दिवस सरत असतील तर पुढची भरती तेवढी चढेलच असं नाही.

हातातला साउंडर वेगासाठी चांगला. डिंगीच्या (छोट्या होडीच्या) कडेवरून पाण्यात बुडवला, बटण दाबलं की दोन सेकंदांत आकडा येतो. तासाभरात पन्नास-साठ ठिकाणं सहज होतात, दोराने त्याच्या निम्मीही होणार नाहीत. त्याच्या मर्यादा मात्र मांडवीत नेमक्या नडतात. कसिनोच्या फेरीबोटी आणि सहलीच्या बोटी गेल्यावर पाण्यात बुडबुडे राहतात. त्यांतून आवाज परततो आणि मीटरभर खोलीचा खोटा आकडा दिसतो. दोन मिनिटं थांबून तीनदा मोजा आणि तिन्ही जुळले तरच लिहा. दुसरी अडचण चिखलाची. असे साउंडर सहसा २०० किलोहर्ट्झवर चालतात आणि ही लहर पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परत येते. साउंडर ३.० दाखवतो आणि शिसं ३.४ ला जाऊन थांबतं, असं होतं तेव्हा दोघंही खरं सांगत असतात. मधले ४० सेंटिमीटर दह्यासारखा चिखल आहे. कीलला त्याचा धोका कमी, पण नांगराला तिथे पकड मिळायला वेळ लागतो. हलक्या नांगराला ती मिळतच नाही.

आता दोर. असा तयार दोर (लीड लाइन) मिळाला तर उत्तम, नाहीतर बनवून घ्या. ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाची, २५ सेंटिमीटर लांबीची लोखंडी नळी घ्यायची, त्यात शिशाचे छर्रे दाबून भरायचे आणि वरून इपॉक्सी ओतायचं. नळीसकट वजन ३ किलोच्या आसपास भरतं. शिसं घरी वितळवू नका, त्याची वाफ विषारी असते. खालच्या टोकाला २ सेंटिमीटर पोकळी ठेवा. दोर ८ ते १० मिलिमीटरचा, विणीचा पॉलिएस्टर, १५ मीटर. नायलॉन नको, तो ताणतो आणि ओला झाल्यावर खुणा खोट्या पडतात. आधी दोर रात्रभर पाण्यात भिजवा, वजन लावून ताणा आणि मगच खुणा बांधा. खुणा शिशाच्या तळापासून मोजायच्या, दोराच्या गाठीपासून नाही. गाठीपासून मोजल्या तर प्रत्येक मापात शिशाच्या लांबीएवढं पाणी कमी दिसतं. चूक सुरक्षित बाजूची असली तरी कामाची जागा विनाकारण बाद होते. सहा मीटरपर्यंत दर अर्ध्या मीटरला खूण हवी, पुढे मीटरला एक पुरे. २, ३ आणि ५ मीटरला चामड्याचे वेगवेगळे तुकडे बांधा, म्हणजे अंधारात बोटांनाही कळतं.

पोकळीत ग्रीस किंवा मऊ कपड्याचा साबण भरा. वर आलेल्या साबणाला वाळू चिकटली असेल तर फावड्यासारख्या नव्या घडणीचा नांगर इथे चांगला बसेल. काळा चिखल असेल तर रुंद पात्यांचा नांगर लावा आणि साखळी जास्त सोडा. साबण कोरडा, नुसता ओरखडे घेऊन वर आला तर खाली खडक आहे. तिथून निघा. दोना पावलाच्या भूशिराजवळ हे आवर्जून करा. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘नू शी नलिनी’ हे जहाज तिथल्याच खडकांना लागलं होतं.

दोराचा एक दोष धोकादायक आहे. पाण्याच्या ओढीत तो तिरका होतो आणि खोली जास्त दाखवतो. ३० अंश तिरका झाला तर ५ मीटर पाणी पावणेसहा वाचलं जातं. उपाय सोपा: नांगरलेल्या बोटीवरून मोजू नका. डिंगी ओढीबरोबर वाहत सोडा, म्हणजे दोर सरळ खाली उतरतो. दोन माणसं हवीत. एक दोर सोडतो, दुसरा वेळ आणि आकडा लिहितो. वेळ लिहिणं का गरजेचं? उधाणाला इथे पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं आणि मधल्या तासांत सर्वांत वेगाने. १.६ मीटरच्या ओहोटीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ४० सेंटिमीटर पाणी जातं.

हिशोब असा मांडा. ड्राफ्ट २.२, कीलखाली सोडायचं अंतर ०.५, लाटेचं ०.३, मिळून ३.०. आत्ताची भरती १.७ आणि मुक्कामातली सर्वांत नीच ओहोटी ०.३ असेल तर पाणी अजून १.४ उतरणार. म्हणजे आत्ता दोरावर ४.४ मीटर दिसलं पाहिजे. भरती-ओहोटीचं कोष्टक वाचताना दिवसातल्या दोन्ही ओहोट्या पाहा. इथे त्या सारख्या नसतात, एक चांगलीच खाली जाते. भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) जागा पसंत करून उधाणापर्यंत थांबणार असाल तर उधाणाचा आकडा धरा. या एका चुकीने बोटी जितक्या बसतात तितक्या वादळाने बसत नसतील.

आणि हे ४.४ मीटर नुसतं नांगराच्या जागी असून चालत नाही. भरतीची सर्वोच्च पातळी २.१ धरली तर पाणी होतं, आत्ताच्या ४.४ मध्ये ०.४ मिळवून, ४.८. नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यावरची उंची १.२ मिळवली की ६.०, आणि पाचपट साखळी म्हणजे ३० मीटर. १२ मीटरची बोट त्या साखळीवर फिरली की घेर ४२ मीटर त्रिज्येचा होतो. त्यामुळे ५० मीटरपर्यंत मोजायचं. निवडलेल्या जागी खूण म्हणून वजन बांधलेला रिकामा कॅन टाका, त्याच्यापासून आठ दिशांना १५, ३० आणि ५० मीटरवर मोजा. बाहेरच्या कडेची मापं साउंडरने घेतली तर चालतात. संशयास्पद ठिकाणी मात्र दोरच टाका.

शेजारी कोण आहे हेही पाहा. दुपारी खारे वारे पश्चिमेकडून आत येतात आणि ओहोटी त्यांच्याविरुद्ध बाहेर जाते. खोल कीलची बोट ओढीकडे तोंड करून राहते, उथळ बुडाच्या मच्छीमार बोटी वाऱ्याकडे. दोघांच्या साखळ्या सारख्या लांबीच्या असल्या तरी घेर वेगळे फिरतात, आणि टक्कर होते ती याच वेळी.

जागांबद्दल थोडक्यात. आग्वादच्या आडोशाला जानेवारी-फेब्रुवारीत आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी येणारी वायव्येची लाट अडते, पण दांडा जवळ असतो. रेइश मागूश ते पणजीच्या पट्ट्यात खोल पाणी मधल्या वाटेत आहे आणि तीच वाट बार्ज, कसिनो आणि फेरीबोटींची. कडेला सरकलं की तळ वर येतो. त्यातून वेऱ्याला नौदलाचा तळ. नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’सारख्या खोल कीलच्या शिडाच्या बोटींचं घर ही नदीच आहे, म्हणजे पाणी आहे, फक्त मोकळं नाही. पुलांच्या पलीकडचा विचार उंच डोलकाठीच्या बोटीने करू नये. दोना पावला उत्तरेच्या वाऱ्याला चांगलं, नैऋत्येच्या लाटेला उघडं. मुरगावच्या आत सर्वांत जास्त निवारा आहे, पण व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर बंदराच्या नियंत्रण कक्षाला विचारल्याशिवाय नांगर टाकू नका. चिखलीची खाडी नकाशावर मोहात पाडते. ती टाळा. तिथला चिखल पारदर्शक शिंपल्यांचं घर आहे, गोव्यातल्या जुन्या घरांची तावदानं ज्यांनी भरली त्या शिंपल्या. साखळी फिरली की त्या मरतात.

दोर वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. वर्षातून एकदा ओला करून, ताणून टेपने मोजा. ५ मीटरच्या खुणेत ५ सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर सगळ्या खुणा काढून नव्याने बांधा.