अपराइट की डिजिटल? मुंबईच्या फ्लॅटपुरता विचार

पियानोच्या परीक्षांत ग्रेड आठपर्यंत कुठल्याही वाद्यावर निभावतं. खरा प्रश्न त्यापुढच्या डिप्लोमाच्या वेळी पडतो. पुढे परदेशी कॉन्झर्व्हेटरीची (संगीत महाविद्यालयाची) ऑडिशन द्यायची आहे, रोज चार-पाच तास बसायचं आहे आणि दोन खोल्यांत ग्रँड, म्हणजे मोठा आडवा पियानो, मावत नाही. मग निवड दोघांतच उरते. एक तर किमान १२१ सेंटिमीटर उंचीचा अपराइट (उभा पियानो), नाहीतर बऱ्या ॲक्शनचा, म्हणजे पट्ट्यांच्या यंत्रणेचा, डिजिटल. मी अपराइटकडे गेलो, पण डिजिटलवाल्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं नाही.

एकच सूर झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजवायचा असेल (फ्रेंच संगीतकार रॅव्हेलच्या रचना वाजवणाऱ्यांना सांगायला नको) तर डिजिटल सरळ पुढे आहे. ग्रँडमध्ये रिपिटिशन लिव्हर असतो, त्यामुळे पट्टी अर्धवट वर आली तरी हातोडी पुन्हा मारता येते. अपराइटमध्ये तो नसतो, पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. दर पट्टीला तीन सेन्सर असलेल्या डिजिटलमध्ये ही सोय केलेली असते. डाव्या पेडलचंही तेच. ग्रँडमध्ये अख्खी ॲक्शन बाजूला सरकते आणि नादाचा रंग बदलतो. अपराइटमध्ये हातोड्या नुसत्या तारांजवळ येतात आणि पट्टी बोटाखाली पोकळ लागते.

आता पाऊस. अपराइट नको म्हणणारे आधी हेच पुढे करतात, आणि त्यात तथ्य आहे. हवा दमट झाली की साउंडबोर्ड (तारांचा नाद मोठा करणारी लाकडी फळी) फुगून उचलला जातो, तारा ताणल्या जातात आणि मधली सप्तकं सर्वांत जास्त चढतात. हवा कोरडी झाली की तीच उतरतात. म्हणून जुलैतलं ट्यूनिंग म्हणजे पैसे पाण्यात. वर्षाला एकच परवडत असेल तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात करा. दाबलेली पट्टी वरच येत नसेल तर तिच्या पिनेभोवतीचं फेल्ट फुगलेलं असतं. ट्यूनर खास पकडीने ते किंचित दाबतो, काही मिनिटांचं काम. पट्टी वर येते पण हातोडी रेंगाळते, तेव्हा दोष हातोडीच्या सांध्यातल्या बारीक पिनेचा. दोन्ही वेळी शिवणयंत्राचं तेल घालायचा मोह टाळा. फेल्ट ते पितं आणि मूळ दुखणं वाढतं. खालच्या फळीआड हीटर रॉड बसवला की निम्मा त्रास कमी होतो. एसी दोन तास लावून बंद करणाऱ्यांचा पियानो मात्र लवकर बिघडतो, कारण नुसत्या दमटपणापेक्षा रोजचे चढउतार ट्यूनिंगला जास्त मारतात.

डिजिटल या सगळ्यातून सुटतो असंही नाही. पट्ट्यांखालच्या रबरी काँटॅक्टमध्ये धूळ आणि दमटपणा साचला की एखादा सूर मुका होतो, नाहीतर हळू दाबूनही एकदम दणका देतो. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की बहुतेकदा ठीक होतो. मॉडेल बंद झाल्यावर बोर्ड गेला, तर मात्र सुटा भाग मिळवताना दमछाक होते.

शेजारी हा डिजिटलचा हुकमी एक्का. रात्री दहानंतर अपराइटचं मधलं पेडल अडकवून हातोड्या आणि तारांमध्ये फेल्टचा पडदा आणता येतो, पण तो नाद ऐकून वाजवण्याची इच्छाच मरते. हेडफोनने हा प्रश्न सुटतो. फक्त पट्ट्यांची ठकठक खालच्या मजल्यावर पोचते, तिला जाड रबरी मॅट लागते. (गणपतीच्या दिवसांत कोणीच तक्रार करत नाही, तेवढी सूट धरा.)

आणि तरीही माझा तराजू झुकला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने, डिजिटलच्या व्हॉल्यूमच्या बटणाने. दुपारी ते निम्म्यावर, रात्री पावावर, कोणी फोनवर असलं की आणखी खाली. म्हणजे त्याच जोराला रोज वेगळा आवाज. कमी आवाजाला सरावलेला हात नकळत जोर लावू लागतो, आणि परीक्षेच्या ग्रँडवर पियानिसिमोचं (अगदी मंद) मेझो-फोर्टे (बऱ्यापैकी जोरात) होतं. बोटं चुकलेली नसतात, खांद्याचा हिशेब चुकलेला असतो. अपराइटमध्ये जेवढं वजन टाकाल तेवढाच नाद, वाटाघाट नाही. फार हळू दाबलं तर हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. ती धोक्याची सीमा कानाने शोधायची सवय तिथेच लागते.

वादकाच्या आयुष्यात हे महत्त्वाचं, कारण तो आपलं वाद्य बरोबर नेत नाही. विख्यात पियानोवादक होरोविट्झ १९८६ साली मॉस्कोला स्वतःचा स्टाइनवे ग्रँड घेऊन गेला, पण तो होरोविट्झ. बाकीच्यांना सभागृहात जो ग्रँड असेल तो दुपारच्या तालमीत समजून घ्यावा लागतो. कुठली पट्टी जड आहे, पेडल कुठे पकडतं, खर्ज किती बोलतो.

तेव्हा सोसायटी ऐकतच नसेल तर डिजिटल घ्या, पण व्हॉल्यूमच्या बटणावर चिकटपट्टी लावा आणि आठवड्यातून एकदा तरी तासाभरासाठी खरा ग्रँड मिळवा. एरवी माझं मत अपराइटच्या बाजूने. जिन्याचं वळण आधी मोजा, कारण रुंदी दीड मीटर आणि वजन दोनशे किलोच्या वर असतं. जुना घेणार असाल तर तो ऑगस्टमध्ये बघायला जा. चिकटणाऱ्या पट्ट्या आणि रेंगाळणाऱ्या हातोड्या तेव्हा लपत नाहीत. खालची फळी काढून फेल्टला कसर लागली आहे का ते बघा, आणि ट्यूनरकडून तारा ताणून धरणाऱ्या पिना किती घट्ट बसल्यात ते तपासून घ्या. पिना सैल असतील तर भाव कितीही उतरला तरी निघून या.