रेशीम विरघळवून पुन्हा धागा काढायचाय: लिथियम ब्रोमाइड की फॉर्मिक अ‍ॅसिड?

जालन्याच्या बाजारातले तुतीचे कोष आणून मी दोन्ही वाटांनी धागा काढला आहे. (भंडारा-गडचिरोलीच्या टसरला हे जसंच्या तसं लावू नका. तो लिथियम ब्रोमाइडला सहजी दाद देत नाही.)

ब्रोमाइडची वाट रुळलेली. ९.३ मोलर द्रावण, ६० अंश, चार तास, की फायब्रॉइन (रेशमाच्या धाग्याचं मूळ प्रथिन) विरघळतं. पुढे क्षार काढायला दोन-तीन दिवस डायलिसिस (द्रावण पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचं, क्षार बाहेर झिरपतात), आणि माझं घोडं अडलं ते इथे. हाती येणारं द्रावण धाग्यासाठी फार पातळ असतं, आणि दाट करायला जावं तर गोठतं. सकाळी येऊन पिशवी उचलावी, तर आत खरवस झालेला! बीटा-शीट (प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना धरून झालेली घट्ट रचना) एकदा जमली की ते परत पातळ होत नाही. आठवड्याची मेहनत ओतून द्यायची. माझ्यावर ही वेळ तीनदा आली.

कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये रेशीम खोलीच्या तापमानालाच विरघळतं. डायलिसिस नाही, द्रावण हवं तेवढं दाट करता येतं. शिवाय साखळ्या पूर्ण सुट्या होत नाहीत. किड्याने रचलेले सूक्ष्म तंतू बऱ्याच अंशी शाबूत राहतात. धागा साध्या पाण्यात सोडला की कॅल्शियम निघून जातं आणि तो ओला असतानाच ताणता येतो.

ताकद खरी या ताणण्यात आहे. ब्रोमाइडचा धागा मी मिथेनॉलमध्ये सोडायचो. तिथे बीटा-शीट झटपट तयार व्हायच्या, पण साखळ्या धाग्याच्या दिशेला लागायच्या आधीच. वाळल्यावर तो बोटांत काडीसारखा मोडायचा. दुसऱ्या वाटेचा धागा बोटाला गुंडाळता आला. मोजमापं प्रत्येकाची वेगळी येतील, मला मात्र तेवढं पुरलं.

पेशी वाढवायच्या असतील, स्पंज किंवा फिल्म करायची असेल, तर पाण्यातलं द्रावणच हवं. तिथे ब्रोमाइडच बरं. आणि फॉर्मिक अ‍ॅसिडची वाफ डोळ्यांना झोंबते, हूडबाहेर (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) बाटली उघडू नका. द्रावण शिळंही ठेवू नका, आम्ल हळूहळू साखळ्या तोडत राहतं.

वाट कुठलीही घ्या, सेरिसिन (रेशमावरचा डिंकासारखा थर) काढताना घड्याळाकडे लक्ष असू द्या. फायब्रॉइनची सुमारे ३९० किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं माप) लांब साखळी धुण्याच्या सोड्यात उकळताना तुटत जाते. मी अर्ध्या तासावर थांबतो. तासभर उकळलेल्या रेशमाचा धागा मला दोन्हींपैकी कुठल्याच वाटेने नीट ताणता आला नाही.