रंग बदलणारी बाटली: थंडाव्याची खूण, पण लेबलापुरतीच

कॉलेज रोडवरील एका दुकानातून आणलेल्या लिंबू सरबताच्या बाटलीच्या लेबलावर रंग बदलणाऱ्या शाईने छापलेली पांढरी पाने फ्रीजमध्ये निळी होतात, आणि मे महिन्यातील नाशिकच्या उन्हात ही खूण सुखावते, हे आधीच मान्य करतो. या शाईतील सूक्ष्म कोशांमध्ये रंगद्रव्य, सौम्य आम्ल आणि मेणासारखा द्रावक बंद केलेला असतो. द्रावक गोठला की रंगद्रव्य व आम्ल एकत्र येऊन रंग उमटतो आणि तो वितळला की रंग मावळतो. अमेरिकेतील कूर्स लाइट बिअरच्या बाटलीवरचे डोंगर २००७ पासून असेच निळे होऊ लागले.

मात्र शाई लेबलाचे तापमान सांगते, आतल्या पेयाचे नव्हे. पाच मिनिटे बर्फात ठेवलेली बाटली निळीशार झाली, तरी सरबत कोमटच निघाले. उलट, थंडगार बाटली हातात धरताच बोटांखालची पाने पांढरी पडली. (घरातील मुलांना हाच खेळ अधिक आवडला.) दुकानदाराने दर्शनी काचेपाशी उन्हात मांडलेल्या बाटल्यांपैकी एक घरी आणली, तर तिची पाने फ्रीजमध्येही फिकटच राहिली, कारण अतिनील किरणांनी ही शाई निकामी होत जाते. ॲल्युमिनियमच्या कॅनवर ती अधिक विश्वासार्ह ठरते, कारण पातळ धातूतून उष्णता चटकन वाहते. जाड काचेवरील या नवलाईसाठी दहा रुपये जास्त मोजायची माझी तयारी नाही.