तिरफोरच्या नावाखाली ५६,८५० रुपयांची फसवणूक

शेतावर पडून असलेल्या, बंद पडलेल्या जुन्या गाड्या हलवण्यासाठी जुने टोचन-साहित्य विकत घेण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचावे. मी ३.२ टन क्षमतेचे तिरफोर, म्हणजे दांडा मागेपुढे करून तारेच्या दोराने जड वस्तू हाताने ओढायचे यंत्र, पाहून, चालवून आणि ठरवून घेतले. माझ्या रानात जे उतरले ते १.६ टनाचे, रंग फासलेले, क्षमता लिहिलेली नवी पट्टी चिकटवलेले यंत्र होते आणि त्याच्या सोबत आतून गंजलेला वायररोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर होता. यंत्राचे ३८,५०० रुपये, जादा रोप आणि शॅकलचे (रोप अडकवायच्या लोखंडी कडीचे) ९,२०० रुपये, टोचनच्या दांड्याचे ६,८०० रुपये आणि ट्रान्सपोर्टचे २,३५० रुपये, असे एकूण ५६,८५० रुपये गेले. जे नुकसान नंतर झाले, ते वेगळेच.

नीरेच्या खोऱ्यात आमचे डोंगरउताराचे रान आहे. वडिलांच्या काळातील मॅटॅडोर, एक जीप आणि एका जुन्या ट्रॅक्टरचा सांगाडा जुन्या छपरात वर्षानुवर्षे उभे आहेत. त्या जागी गोठा बांधायचा असल्याने ही वाहने वरच्या तालीवर न्यायची होती. हायड्रा क्रेन बोलवायची तर बांधावरची वाट तिच्या रुंदीला पुरत नाही, आणि ट्रॅक्टरला टोचन लावून ओढायचे तर ट्रॅक्टर सरळ पुढे न्यायला जागाच नाही. अशा ठिकाणी झाडाला पट्टा बांधून हाताने ओढायचे यंत्रच कामाला येते. त्यामुळे तिरफोर घेण्याचा निर्णय चुकीचा होता असे जे आज मला ऐकवतात, त्यांनी आमची वाट एकदा चालून पाहावी.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका गोडाऊनमध्ये बंद पडलेल्या कारखान्यांचे साहित्य विक्रीस असल्याचे कळले. फोनवर २०,००० रुपये आगाऊ मागितले, तेव्हा मी नकार दिला. आधी माल पाहीन, मगच पैसे देईन, असे सांगून मी स्वतः तेथे गेलो. गोडाऊनमालकाने यंत्र काढले, रोप ओवला आणि माझ्यासमोर एक भरलेला पिकअप ओढून दाखवला. यंत्रातले दोन जबडे आळीपाळीने रोप पकडत होते, घसरण नव्हती आणि रोप जाडजूड होता. एवढेच नव्हे, तर ताणलेल्या वायरच्या रेषेत कधीही उभे राहू नये, वायरवर ओले पोते टाकावे, चाकामागे दगड सरकवत जावे, हेही त्याने मला स्वतःहून बजावले. जो माणूस गिऱ्हाइकाच्या जिवाची एवढी काळजी करतो, त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कोणत्या आधारावर?

आणि तरीही एक क्षण असा होता, जो आठवला की आजही माझे डोके तापते. सौदा ठरल्यावर मी यंत्राच्या अंगावर कोरलेला नंबर लिहून घेण्यासाठी वाकलो. त्याने लगेच हात पुढे करून सांगितले, “साहेब, नंबर चलनावर येणारच आहे, तुम्ही कशाला हात काळे करता?” आणि मागे वळून पोराला म्हणाला, “हे ऑइलिंगला घे.” पोराने यंत्र उचलले आणि तो पत्र्याच्या आडोशामागे गेला. त्याच वेळी माझ्या हातात चहाचा कप आला. खिशात फोन होता आणि फोटो काढायला एक मिनिट पुरे होते. समोर चालवून दाखवलेल्या यंत्राला त्याच घटकेला ऑइलिंग कशाला हवे, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो विचारला नाही. दहा माणसांसमोर गिऱ्हाइकाने संशय दाखवणे आपल्याकडे असभ्य समजले जाते, आणि हे लोक नेमक्या त्याच भिडेवर पोट भरतात. त्यानंतर मी यूपीआयने २०,००० रुपये दिले आणि माल पाठवण्याआधी उरलेले ३४,५०० रुपयेही त्याच खात्यावर पाठवले. अंगावरचा नंबर फोटोत घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. विकणारा चिडला तर चिडू द्या.

माल गोणपाटात शिवून आला. यंत्रावरच्या पट्टीवर ‘३२०० किलो’ असे ठळक लिहिलेले होते, परंतु पट्टी रिव्हेटऐवजी चिकटपदार्थाने बसवलेली होती आणि तिच्याखालचा जुना नंबर ग्राइंडरने घासून काढला होता. हे मला नंतर, पट्टी निघून आल्यावर दिसले. रोपाच्या जाडीवरून मात्र कोणालाही पहिल्याच दिवशी कळू शकते. या यंत्रांच्या मूळ मापात १.६ टनाला ११.५ मिलिमीटरचा आणि ३.२ टनाला १६.३ मिलिमीटरचा रोप लागतो. जबडे त्या मापासाठीच घडवलेले असतात. माझ्या यंत्रातून जाणारा रोप व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने मोजला तर जेमतेम ११ मिलिमीटर भरला. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारे व्हर्नियर सोबत नेले असते तरीही गोडाऊनमधील यंत्र खरेच निघाले असते, हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण “मोजायला हवे होते” असे सांगणारे पुष्कळ भेटले. मोजमाप घरी आलेल्या मालाचे करावे लागते, आणि तेही ट्रान्सपोर्टच्या माणसाच्या पावतीवर सही करण्यापूर्वी.

याहून भयंकर गोष्ट आत दडलेली होती. या यंत्राच्या दांड्यापाशी मऊ धातूच्या पिना असतात. भार क्षमतेच्या बाहेर गेला की आधी त्या कापल्या जातात, दांडा सैल पडतो आणि माणूस वाचतो. माझ्या यंत्रात त्या पिनांच्या जागी कडक पोलादी बोल्ट ठोकलेले होते. म्हणजे भार कितीही वाढला तरी दांडा चालतच राहणार आणि शेवटी रोप तुटणार. हा निव्वळ पैशांचा लबाडपणा राहत नाही, हा माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

मॅटॅडोरचे मागचे ब्रेकचे ड्रम ठोकून आम्ही चाके मोकळी केली होती. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन लिहिलेले असते, आणि तिचे वजन ३.२ टनांच्या निम्म्याच्या आसपासच भरते. परंतु मातीत रुतलेले वाहन बाहेर काढताना लागणारी ओढ कधीकधी त्याच्या वजनापेक्षाही अधिक होते, म्हणूनच मी दुप्पट क्षमतेचे यंत्र मागितले होते. हिशेब माझा बरोबर होता, माल खोटा होता. चिंचेला पट्टा बांधून ओढायला सुरुवात केली, गाडी खड्ड्यातून निघून उतारावर आली, आणि जबड्यापाशी रोप तुटला. तुटलेले टोक छपराच्या सिमेंटच्या पत्र्यातून आरपार गेले. गाडी मागे घसरून ठिबकच्या फिल्टरवर आदळली. त्याची दुरुस्ती ७,४०० रुपयांना पडली. वायरच्या रेषेत कोणी नव्हते म्हणून आज मी केवळ पैशांबद्दल लिहितो आहे. नंतर त्या रोपावरचे काळे ग्रीस रॉकेलने पुसले आणि चिंधी फिरवली, तेव्हा ती हातभर अंतरात जागोजागी तुटलेल्या तारांना अडकून फाटत गेली. जाड ग्रीसमध्ये बुडवलेला जुना रोप कोणी देत असेल तर तो पुसून घ्या, नाहीतर घेऊ नका. टोचनचा दांडाही साध्या पाण्याच्या पाइपचा निघाला, त्यावर वेल्डिंगचा नुसता थर होता.

फोन केला तर विक्रेत्याने “आमचा माल हा नव्हेच” असे सांगून नंबर बंद केला. आमच्या पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की व्यवहार पुण्याकडे झाला, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात सांगितले की माल तुमच्या गावी उतरला, तिथेच तक्रार द्या, आणि तसेही हे दिवाणी प्रकरण आहे. दाखवलेली वस्तू एक आणि पाठवलेली दुसरी, घासलेला नंबर, खोटी पट्टी, हे सगळे टेबलावर मांडले असताना ते दिवाणी कसे? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी तोंडी सांगितले, तर समोरच्या अंमलदाराने “मग तुम्हीच वकील व्हा” असे सुनावले. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर उत्तर मिळाले की तुम्ही प्रत्यक्ष जाऊन माल पाहिला असल्याने हा सायबर गुन्हा ठरत नाही. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले आहेत आणि खातेदाराची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय मिळणार नाही. पोलीस पत्र देत नाहीत, कारण गुन्हा दाखल नाही. गुन्हा दाखल नाही, कारण आरोपीची माहिती नाही. एका सामान्य शेतकऱ्याने या चक्रातून बाहेर पडायचे कसे, याचे उत्तर पगार घेऊन त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एकानेही दिले नाही. वैधमापन खात्यातही गेलो. यंत्राची क्षमता हा आमच्या वजनमापाचा विषय नाही, असे दोन वाक्यांत सांगून कागद परत केला.

ठाण्याने नकार दिला तर त्याच कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमानुसार तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवता येते. मी ती रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे आणि पोचपावती जपून ठेवली आहे. तोंडी तक्रारीला या राज्यात काही किंमत नाही, कागदच करा.

चलनाबद्दलही सांगितले पाहिजे. मला कर-बिलाऐवजी ‘डिलिव्हरी चलन’ दिले गेले. त्यावरील जीएसटी क्रमांकाची सुरुवात २४ ने होती. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, २४ गुजरातचा आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की व्यापाऱ्याचे नाव दिसते. तो क्रमांक कपड्याच्या व्यवसायाचा निघाला. पैसे देण्यापूर्वी चलन मिळालेच नव्हते, त्यामुळे हे आधी तपासणे मला शक्य नव्हते. तुम्ही मात्र बिलाचा फोटो आधी मागा. टेस्ट सर्टिफिकेट देत असतील तर त्यावरचा नंबर यंत्राच्या अंगावरच्या नंबरशी जुळवा. माझ्या सर्टिफिकेटवर नंबराची जागा कोरीच होती.

सध्या प्रकरण ग्राहक आयोगात आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो तेथे तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. गोडाऊनच्या जागामालकाकडून विक्रेत्याचे खरे नाव मिळाले म्हणूनच नोटीस लागली. त्याच्या वकिलाने शेती हा व्यवसाय असल्याने मी ग्राहकच नाही, असा मुद्दा काढला आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक खरेदीत मोडत नाही, हे कायद्यातच लिहिलेले आहे.

तुटलेला रोप, ठोकलेले बोल्ट आणि निघालेली पट्टी मी तशीच पोत्यात बांधून ठेवली आहे. आयोगाकडे तज्ज्ञाकडून तपासणीची मागणी केली आहे, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याने कितीही सांगितले तरी ते यंत्र मी खोलू दिलेले नाही. ज्यांनी गेल्या दोन वर्षांत पुणे भागातून असे जुने तिरफोर घेतले असेल, त्यांनी आज दांड्याजवळच्या पिना काढून पाहाव्यात, रोपाची जाडी मोजावी, आणि तिथे बोल्ट सापडले तर ते यंत्र कोणत्याही गाडीला लावण्यापूर्वी फोटो काढून स्वतःची लेखी तक्रार द्यावी.