डन्केल्डचे हर्मिटेज : धबधबा लहान, सज्जा थोर

स्कॉटलंडमधील पर्थशायरात, डन्केल्ड गावाजवळच्या हर्मिटेज या वनात ब्रान नदीचा ‘ब्लॅक लिन’ नावाचा धबधबा आहे. ऐन पावसाळ्यातले ठोसेघर पाहिलेल्यांनी उंचीची अपेक्षा ठेवून येथे जाऊ नये, कारण पाणी जेमतेम काही मीटर खाली येते. तरीही ही जागा सवडीने पाहावी अशी आहे, आणि त्याचे श्रेय निसर्गाइतकेच एका हौशी सरदार घराण्याला द्यावे लागते.

धबधब्यालगतच्या कड्यावर ‘ओसियन्स हॉल’ हा दगडी मंडप उभा आहे. अथॉलच्या ड्यूक घराण्याने तो १७५७ च्या सुमारास बांधला आणि १७८३ मध्ये ओसियन या दंतकथेतल्या अंध कवीच्या नावाने नव्याने सजवला. पाहुण्यांना आधी ओसियनचे चित्र दाखवीत. मग ते चित्र दुभंगून बाजूला सरके आणि समोरच्या दालनात भिंतींवरच्या व छतावरच्या आरशांतून चहूकडे पाणी कोसळताना दिसे. १८०३ मध्ये आलेल्या इंग्रज कवी वर्डस्वर्थला हा खटाटोप रुचला नाही. मला तो आवडला, कारण यात नुसता थाट नाही, कसब आहे. वाटेने येताना मंडप धबधब्याला झाकून टाकतो, त्यामुळे आवाज वाढत जातो पण पाणी दिसत नाही. आतून सज्जावर पाऊल टाकताच फेसाळ प्रवाह एकदम पायांखाली येतो. म्हणून जवळच्या जुन्या कमानी पुलावर आधी जाऊ नये, तो मंडपानंतर पाहावा.

१८६९ मध्ये कुणीतरी सुरुंग लावून मंडपाची नासधूस केली होती. १९४३ पासून ही जागा नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असून आतल्या दालनात आता पुन्हा आरसे आहेत. जुन्या झगमगाटाच्या मानाने ते साधेच वाटतात.

वाट नदीकाठाने जाते, फारशी चढाची नाही, आणि तिच्या कडेचे डग्लस फर वृक्ष ब्रिटनमधील सर्वांत उंच झाडांत गणले जातात. ज्याच्या नावाने हे झाड ओळखले जाते, तो डेव्हिड डग्लसही याच पर्थशायरातला, हा एक छान योगायोग.

प्रवेशाला तिकीट नाही. मोटार उभी करण्याचे शुल्क मात्र पडते. शरद ऋतूत पाने रंगतात, सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या घेतात आणि गर्दीही उसळते, तेव्हा त्या दिवसांत सकाळी लवकर पोहोचावे किंवा सरळ रेल्वेने डन्केल्ड-बर्नम स्थानकावर उतरून चालत यावे.