रोमन राजकारणाचा ऑडिओ कोर्स: सात महिने ऐकल्यानंतर

सात महिन्यांपूर्वी रोमन प्रजासत्ताकाच्या राजकारणावरचा एक इंग्रजी ऑडिओ कोर्स विकत घेतला. शाळेत जायला एसटीत पाऊण तास, यायला पाऊण तास, त्यात एकदा पूर्ण ऐकून झाला आणि आता दुसऱ्यांदा चालू आहे. घ्यावा का असं बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीझर-क्लिओपात्रासाठी घेणार असाल तर घेऊ नका, सीझर फार उशिरा येतो आणि पटकन जातो. इथे खरा विषय आहे तो ही सगळी यंत्रणा चालायची कशी. दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, एका वर्षासाठी, एकाने दुसऱ्याला अडवायचं. मोठे अधिकारी निवडणाऱ्या सभेत १९३ गट, प्रत्येक गटाला एक मत, आणि जुन्या रचनेत घोडेस्वारांचे १८ आणि सगळ्यात श्रीमंतांचे ८० मिळून ९८ होतात, म्हणजे बहुमत तिथेच झालं. बहुमत झालं की मतदान बंद! ज्यांच्याकडे काहीच नाही असे हजारो लोक शेवटच्या एका गटात, त्यांच्यापर्यंत पाळी यायचीच नाही बहुतेक वेळा. हे मी तीनदा ऐकलं.

पण मला सगळ्यात आवडलं ते गुप्त मतदानाचं लेक्चर. आधी मत तोंडी सांगायचे, सगळ्यांसमोर, मग इ.स.पू. १३९ मधे कायदा झाला आणि निवडणुकीत मेण लावलेल्या लाकडी पाट्या आल्या. मतदार एका अरुंद पुलासारख्या फळीवरून चालत जाऊन पाटी टाकायचा. तरी बडे लोक त्या फळीवर उभे राहून वाकून बघायचे, दबाव टाकायचे, म्हणून इ.स.पू. ११९ मधे मॅरियस नावाच्या नेत्याने ट्रिब्यून (सामान्य लोकांच्या बाजूने निवडलेला अधिकारी) असताना कायदा करून ती फळीच आणखी अरुंद करून टाकली, की मतदाराच्या बाजूला दुसरा माणूस मावूच नये. मी इलेक्शन ड्युटी केलीय, मतदान कक्ष खिडकीसमोर लावू नका हे ट्रेनिंगला सांगतात आणि आपण सकाळी साडेपाचला टेबल सरकवत बसतो ना, तेच काम आहे हे. एसटीत बसल्या बसल्या अंगावर काटा आला अगदी.

टायबेरियस ग्रॅकसची दोन लेक्चर्स मात्र नीट शांत जागी ऐका. इ.स.पू. १३३. बड्यांनी बळकावलेली सरकारी जमीन गरिबांना वाटायचा कायदा, तो मांडणारा टायबेरियस ट्रिब्यून, आणि त्याचाच सहकारी ट्रिब्यून ऑक्टेव्हियस व्हेटो करतो, म्हणजे तो अडवतो. टायबेरियस त्याला पदावरून काढायला मतदान घेतो. ही सभा वेगळी, इथे गट ३५. त्यांपैकी १७ गटांनी मत दिलंय, एकच हवंय, आणि तो मतदान थांबवून ऑक्टेव्हियसला मिठी मारून विनवतो की अजून ऐक, असं प्लुटार्क या जुन्या ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवलंय. तो ऐकत नाही. मला टायबेरियसचा कायदा शंभर टक्के बरोबर वाटतो, तरी अडवणाऱ्यालाच उचलून बाजूला करायचं हा पायंडा तिथे पडला असं मला वाटतं. काही महिन्यांतच सिनेटर बाकांचे तुटलेले पाय घेऊन आले, तीनशेच्या वर माणसं काठ्या-दगडांनी मारली आणि प्रेतं टायबर नदीत टाकली. इ.स.पू. ८८ मधे सुल्ला हा सेनापती रोमन सैन्य घेऊन रोमवरच चालून गेला, ते ऐकताना नवल वाटत नाही मग.

आता त्रास. नावं! एकाच नावाचे बाप, मुलगा, नातू, वही घेऊन वंशावळ काढल्याशिवाय काही खरं नाही. सोबत नकाशा दिलेला नाही. आणि ॲपचं एक अपडेट आलं तेव्हा माझी डाऊनलोड केलेली सगळी लेक्चर्स गेली, कस्टमर केअरने दहा दिवस नुसतं ‘रीइन्स्टॉल करा’ एवढंच सांगितलं. घाटात रेंज नसते, तेवढे दिवस बंदच होतं सगळं.

पहिला सम्राट ऑगस्टस, त्याचा भागही घाईत उरकलाय, पण त्यात मतदानाच्या आवाराबद्दल दहा मिनिटं आहेत ती सोडू नका. त्या आवाराला लोक मेंढवाडा म्हणायचे. सीझरने ते संगमरवरी करायचं ठरवलं, पूर्ण झालं इ.स.पू. २६ मधे, म्हणजे ऑगस्टसच्या हातात सगळं आल्यावर, आणि मग तिथे ग्लॅडिएटरचे खेळ होऊ लागले.

वेळ कमी असेल तर १३३ पासून सुरू करा आणि नंतर मागे जा. मी दुसऱ्यांदा तसंच ऐकतेय, जास्त समजतंय.