थर्माकोल, एक्सपीएस, पुठ्ठा की प्रिंटर? वॉरगेमचं टेरेन कशात बनवावं

वॉरगेम म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्ती टेबलावर मांडून खेळायचा युद्धखेळ, आणि टेरेन म्हणजे त्याच टेबलावरच्या टेकड्या, इमारती, भिंती, झाडं. हे टेरेन टेबलावर असतं दोन-तीन तास. उरलेला सगळा काळ ते खोक्यात, कपाटावर किंवा पलंगाखाली पडून असतं. तरी कशात बनवायचं हे ठरवताना आपण आधी बघतो ते कसं दिसेल, मग बघतो बनवायला सोपं आहे का, आणि ठेवायचं कुठे हा प्रश्न तिसरी टेकडी रंगवून झाल्यावर आठवतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. ते कुठे राहणार, किती वेळा मांडलं-आवरलं जाणार, दुसऱ्याच्या घरी न्यावं लागणार का, एवढं आधी ठरवलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

खालचा सगळा हिशेब २८ मिमी मापाच्या मिनिएचर, म्हणजे सैनिकांच्या त्या छोट्या मूर्ती, धरून केला आहे. म्हणजे उभ्या माणसाची तळव्यापासून डोळ्यांपर्यंतची उंची साधारण २८ मिमी. याहून लहान मापात खेळणाऱ्यांसाठी काही निष्कर्ष चक्क उलटतात, त्याबद्दल शेवटी.

थर्माकोल आणि एक्सपीएस

खरी निवड बहुतेकांसाठी इथेच असते, म्हणून इथे जरा थांबू. रसायन एकच, पॉलिस्टायरीन. फरक बनवण्याच्या पद्धतीत आहे. थर्माकोलमध्ये बारीक मणी वाफेनं फुगवून साच्यात एकमेकांना चिकटवलेले असतात. एक्सपीएसमध्ये वितळलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये वायू मिसळून ते फटीतून सलग पाटासारखं बाहेर ढकलतात, त्यामुळे आत मणी नसतात, सगळीकडे सारखा, बंद पेशींचा बारीक फेस असतो. इमारतींच्या उष्णतारोधनासाठी वापरतात ते गुलाबी किंवा निळे पाट म्हणजे हेच.

हा फरक सुरी लावली की लगेच कळतो. थर्माकोल कापताना मणी सुटतात, कड दातेरी होते आणि पांढरे दाणे घरभर उडून कपड्यांना चिकटतात. एक्सपीएस धारदार पात्यानं लोण्यासारखं कापलं जातं आणि कापलेली कड तशीच रंगवता येते. मुख्य म्हणजे त्यावर दाबून केलेली खूण टिकते. साध्या बॉलपेननं रेघा ओढल्या की दगडी भिंतीचे सांधे तयार, आणि ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा वरून दाबत फिरवला की दगडाचा खडबडीतपणा तयार. घडीव दगडांचा बुरूज, फरसबंदी रस्ता, फळ्यांची जमीन हे सगळं दोन हत्यारांत होतं. थर्माकोलवर हा प्रयोग करून बघायचीही गरज नाही. रेघ मण्यांमध्ये हरवते.

मग थर्माकोल बाद? नाही. ते नव्या वस्तूंच्या खोक्यांतून फुकट येतं आणि जाड येतं. दीड वीत उंचीचा डोंगर करायचा असेल तर आतला सगळा गाभा थर्माकोलचा ठेवावा, वर कागदाचे तुकडे गोंदात भिजवून दोन-तीन थर द्यावेत आणि मगच माती-वाळू. जिथे पृष्ठभाग पूर्ण झाकला जाणार आहे तिथे एक्सपीएस घालणं उधळपट्टी आहे. जिथे पृष्ठभाग दिसणार आहे तिथे थर्माकोल वापरणं म्हणजे स्वतःलाच शिक्षा.

दोघांचे शत्रू मात्र सारखे. स्प्रे रंगातली द्रावकं पॉलिस्टायरीन विरघळवतात. भिंत डोळ्यांदेखत खचते. म्हणून आधी पीव्हीए गोंद (लाकूडकामाचा पांढरा गोंद) आणि काळा ॲक्रिलिक रंग मिसळून ब्रशनं दोन हात द्यायचे. यानं भोकं बुजतात, पृष्ठभाग थोडा कडक होतो आणि सावलीचा रंगही आपसूक बसतो. ॲसिटोन असलेले गोंदही दूर ठेवा, आणि झटपट चिकटवणारा सुपरग्लू फोमसाठीचा नसेल तर तोही. पांढरा पीव्हीए गोंद निर्धोक आहे, पण दोन मोठ्या फोमपाटांच्या मध्ये तो लावला तर आत हवा पोचत नाही आणि मधला भाग कित्येक दिवस ओलाच राहतो. मधून बांबूच्या काड्या टोचून ठेवल्या की वाट बघायची गरज उरत नाही.

कापायला तापलेली तार घ्यावी का, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. निक्रोमच्या तारेचा छोटा टेबल कटर असेल तर शेकडो एकसारख्या विटा काढणं अगदी सोपं होतं. वर्षातून चार भिंती करणाऱ्याला त्याची गरज नाही. तोडून नवं टोक काढता येणारं १८ मिमी पातं पुरतं, फक्त टोक बदलण्यात कंजुषी नको. फोम मऊ असला तरी पात्याची धार लवकर घालवतो, आणि बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं. तारेचं काम खिडकी उघडूनच करायचं. धूर दिसत असेल तर तार गरजेपेक्षा जास्त तापली आहे, आणि तो धूर फुफ्फुसांत जाण्यासारखा नाही.

पुठ्ठा, फोमबोर्ड आणि एमडीएफ

अजून पहिला सामनाही झालेला नसेल तर मी पुठ्ठाच सुचवीन. इमारतींचे साधे ठोकळे करा, टेकड्या एकावर एक चकत्या रचून करा आणि खेळा. टेबलावर किती आडोसे लागतात, गल्ली किती रुंद हवी, बंदुकीच्या नजरेच्या टप्प्यात काय येतं, हे खेळल्याशिवाय समजत नाही. एकदा समजलं की तीच मापं चांगल्या साहित्यात उतरवता येतात. नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतून पत्र्याचं छप्पर निघतं. हा एक उपयोग असा आहे की त्यात पुठ्ठा बाकी सगळ्यांच्या पुढे आहे.

५ मिमी फोमबोर्ड, म्हणजे दोन कागदांमध्ये फोम, हा घरांच्या भिंतींसाठी उत्तम मधला मार्ग. सरळ, हलका, पट्टी लावून कापता येतो. एका बाजूचा कागद सोलून काढला तर आतल्या फोमवर विटाही कोरता येतात. त्रास ओलीचा. एकाच बाजूला पातळ रंग किंवा गोंद लावला की तो वाळताना आकसतो आणि पूर्ण भिंत धनुष्यासारखी वाकते. दोन्ही बाजूंना हात द्यावा आणि वजनाखाली वाळवावं.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला पाट, मी फक्त टेरेनच्या तळासाठी घेतो. ३ मिमी पाट, कडा पॉलिशपेपरनं उतरत्या केलेल्या. घासताना मास्क हवाच, त्याची भुकटी फार बारीक असते. तळ हवाच का, यावर लोक वाद घालतात. तळ नसेल तर भिंत मांडताना कलंडते आणि कोपरे झडतात; तळ असेल तर त्याच्या कडेवर मिनिएचर तिरकी उभी राहते. कड पातळ केली की दुसरी तक्रार जवळजवळ संपते, पहिली मात्र कशानंच संपत नाही.

प्लास्टर

सिलिकॉनच्या साच्यात विटा ओतून, त्या एकेक चिकटवून किल्ला किंवा भुयार बांधणं हा वेगळाच छंद आहे, आणि त्यात रमणारे त्यातच रमतात. तपशील अप्रतिम, स्पर्श खऱ्या दगडाचा, रंग छान शोषला जातो. पण वजन! आणि कोपरा उडाला की आतून पांढराशुभ्र ठिपका चमकतो. मिश्रणातच थोडा करडा रंग घातला तर तो ठिपका कमी खुपतो. एका जागी कायमचं राहणारं टेबल असेल तर प्लास्टर जरूर घ्या. टेरेन पाठीवर मारून खेळायला जायचं असेल तर विसरा.

थ्रीडी प्रिंटर

हातानं बनवण्याच्या चर्चेत प्रिंटर का आणला असं काहींना वाटेल. पण ठरवणारा माणूस मनात ही तुलना करतोच, तेव्हा ती उघडच करावी.

फिलामेंटचा, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थरांवर थर देणारा, नेहमीचा घरगुती प्रिंटर ०.४ मिमी नोझलचा, ०.२ मिमी थरांचा, आणि छपाईचा पाट साधारण २२० मिमी चौरस. म्हणजे मोठी इमारत तुकड्यांत छापावी लागते आणि एकेक तुकडा तासन्‌तास घेतो. ते तास तुमचे नसतात, यंत्राचे असतात, हा त्याचा मोठा गुण. उभ्या भिंती, खिडक्या, पाइप, यंत्रसामग्री, एकसारखे दहा कठडे यात प्रिंटरला तोड नाही. पण उतार आला की थरांच्या पायऱ्या दिसू लागतात, म्हणून टेकडी छापणं हा त्याचा सर्वांत वाईट उपयोग. जी टेकडी एक्सपीएसमधून एका संध्याकाळी निघते ती दोन दिवस छापून वर पुन्हा घासत बसायची, कशासाठी? शिवाय पीएलए, म्हणजे या प्रिंटरांचं नेहमीचं प्लास्टिक, साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं; उन्हात बंद गाडीत ठेवलेली इमारत वाकडी होऊ शकते.

रेझिन प्रिंटर द्रव रेझिन प्रकाशानं घट्ट करत छापतो. त्याचा तपशील जास्त बारीक, पण घट्ट न झालेलं रेझिन त्वचेला घातक, हातमोजे आणि अल्कोहोलची धुलाई आलीच. २८ मिमीच्या इमारतींसाठी मी त्याच्या वाटेला जाणार नाही. दारं, दिवे, पुतळे छापून एक्सपीएसच्या भिंतीत बसवणं, एवढाच त्याचा शहाणा वापर.

जोडफरशा की चटई

टेबलावरची जमीन शेजारी शेजारी जुळवायच्या चौकोनी फरशांची करायची की एकाच छापील चटईची? साहित्याइतकाच मोठा हा निर्णय, आणि तो नवा नाही. प्रशियात १८१२ मध्ये जॉर्ज लिओपोल्ड फॉन राइसविट्झनं राजासाठी युद्धखेळाचं जे टेबल बनवलं, त्यात भूप्रदेश सुट्या फरशांचा होता. हव्या तशा जुळवून नवं रणांगण मांडता येत असे. त्याच्या मुलानं १८२४ मध्ये खेळ नव्यानं मांडला तेव्हा फरशा सोडून १:८००० प्रमाणाचे नकाशे घेतले. कारण सरळ आहे: राजाकडे टेबल ठेवायला जागा होती, सैन्यातल्या अधिकाऱ्यांना बरोबर नेता येईल असं काही हवं होतं.

आजही तोच पेच आहे. फोमच्या जोडफरशांचा एक गुण चटईला कधीच मिळणार नाही: त्या शून्याच्या खाली जातात. नदीचं पात्र, खंदक, तोफगोळ्यांचे खड्डे खरोखर खोल करता येतात. चटईवर खंदक करायचा तर आजूबाजूची जमीन उंच करावी लागते आणि तो खंदक कमी, बांध जास्त दिसतो. पण फरशांचे सांधे दिसतात, कडा झडतात, फोम वाकला तर शेजारची फरशी जुळत नाही, आणि सहा फरशांचा ढीग कपाट खातो. नदीचं तोंड प्रत्येक फरशीवर कडेच्या बरोबर मध्यावरच यायला हवं, नाहीतर जुळणीचं स्वातंत्र्य नावापुरतं उरतं.

शिवाय मापाची मेख आहे. पूर्वी सर्रास ६ × ४ फुटांचं टेबल असायचं आणि २ फुटी सहा फरशा त्यात चपखल बसायच्या. वॉरहॅमर ४०,००० या लोकप्रिय वॉरगेमच्या २०२० च्या आवृत्तीनं नेहमीच्या मोठ्या सामन्यासाठी ६० × ४४ इंच हे किमान माप दिलं. ४४ ला ना २४ नं भाग जातो ना १२ नं. तुम्ही तो खेळ खेळत असाल तर १ फुटी वीस फरशा करून चार इंच जास्तीचे सोडून द्यावे लागतील, किंवा चटई घ्यावी लागेल. मी चटई घेईन. रबरी पाठीची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी राहते, फासे तिच्यावर कमी उसळतात आणि वर मांडलेलं सुटं टेरेन दर वेळी नवं रणांगण देतं. दर वेळी तेच ऐतिहासिक रणांगण लढायचं असेल, नदी आणि पूल जागचे हलणार नसतील, तेव्हाच फरशांचे कष्ट वसूल होतात.

दिसणं आणि खेळणं

नैसर्गिक उताराची टेकडी सुंदर दिसते, पण तिच्यावर मिनिएचर घसरतात, विशेषतः धातूच्या. पायऱ्यांची टेकडी कृत्रिम दिसते, पण प्रत्येक सैनिक नीट उभा राहतो आणि कोण किती उंचीवर आहे यावर वाद होत नाही. मी तडजोड करतो: एका बाजूला कडा, दुसरीकडे सौम्य उतार, माथा सपाट. पडक्या इमारतीत मजल्याची पट्टी नुसत्या मिनिएचरच्या ३२ मिमी तळापुरती रुंद करू नका. बोटांनाही आत शिरायचं असतं. दरवाजा उभ्या माणसाच्या नव्हे, तळावर चढलेल्या माणसाच्या मापाचा हवा, ४० मिमीच्या आसपास. जंगलातली झाडं सुटी ठेवावीत, म्हणजे पथक आत शिरलं की झाड उचलून बाजूला करता येतं आणि जंगलाची हद्द तळावरून कळत राहते.

माप लहान असेल तर

६ मिमीच्या खेळात प्रमाण साधारण १:३०० असतं, म्हणजे खरा एक मीटर टेबलावर जेमतेम ३.३ मिमी. २८ मिमीत मी ज्याला पहिला क्रमांक दिला ते एक्सपीएस इथे मागे पडतं: बॉलपेनची रेघ या मापात दगडाचा सांधा राहत नाही, चर होतो. टेकड्यांना ३ ते ५ मिमी कॉर्कचे थर पुरतात, शेतांना जाड कापडाचे तुकडे, आणि दोन-दोन फुटी फरशाही अचानक परवडतात, कारण तेवढ्यात अख्खं खोरं मावतं. आणि मघाशी नाकारलेला रेझिन प्रिंटर इथे सर्वांत योग्य ठरतो. घर दीड-दोन सेंटिमीटरचं असल्यामुळे पूर्ण वस्ती एका पाटावर, एकाच छपाईत निघते, आणि ती ठेवायला एक चपटी डबी लागते.